वाडा उघडत नाहीये

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, वाडा उघडत नाहीये."

दांडिया बाजारातला आमचा वाडा २००९ साली पाडला. तिथे आता चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. पण आमच्या घरात 'वाडा' म्हटलं की एक सीडी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २००६ साली आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि माझा आतेभाऊ शेवटच्या. त्यांना काय भेट द्यायची यावर बरीच चर्चा झाली आणि आम्ही दोघांनी वाड्याचाच प्रोग्रॅम लिहिला. कीबोर्डवरचे बाण दाबले की दिंडी दरवाजातून आत शिरायचं, चौकातल्या तुळशीवृंदावनाला वळसा घालायचा, ओसरी, माजघर, देवघर पाहून मागच्या अंगणात निघायचं. टेपने मोजमापं घेतली होती. भिंतींना रंग न देता खऱ्या भिंतींचे फोटो काढून तेच चिकटवले होते.

पुढे आतेभावाच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत प्रोग्रॅमचा मूळ कोडही गेला. उरली ती एक सीडी. आजोबा गेले, वाडा गेला. आजीने आता नव्वदी ओलांडली आहे. दिवाळीत सगळे जमले असताना तिने भाच्याला म्हटलं होतं, "मला एकदा माजघर दाखव रे." त्याने ताईच्या नव्या लॅपटॉपला बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडला, वाड्याच्या चिन्हावर क्लिक केलं आणि एक चौकोन समोर आला. मजकूर इंग्रजीत होता, अर्थ असा: डी३डीएक्स९_३०.डीएलएल ही फाइल सापडली नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही. प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा.

भाचा नववीत आहे. त्याने मला फोन करण्याआधी स्वतःच बरेच उपाय करून पाहिले होते. त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय चुकला, आणि त्याच चुका आपल्यापैकी बहुतेकजण करतात. म्हणून ही सगळी हकिगत सांगतो आहे. तुमच्या घरातही एखादा जुना गेम, बहिणीच्या लग्नाच्या अल्बमची सीडी किंवा लहानपणचा शिकवणीचा प्रोग्रॅम असाच अडून बसला असेल.

मंडळाचं पातेलं

आधी ही डीएलएल म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे मुंजीला पन्नास माणसांची आमटी करायची असली की कुणी स्वतःचं मोठं पातेलं विकत घेत नाही. मंडळात मोठी भांडी असतात, ती आणायची, वापरायची, परत ठेवायची. विंडोजमध्येही तसंच असतं. चित्र वाचणं, अक्षरं दाखवणं, आवाज काढणं ही कामं प्रत्येक प्रोग्रॅमने पुन्हा पुन्हा लिहू नयेत म्हणून ती सामाईक फाइलींत ठेवलेली असतात. त्या फाइली म्हणजे डीएलएल. प्रोग्रॅम सुरू होताना आपल्याला लागणाऱ्या भांड्यांची यादी घेऊन येतो. यादीतलं एक जरी मिळालं नाही तरी चूल पेटत नाही.

आता आमच्या हरवलेल्या फाइलीचं नाव फोडून बघा. डी३डी म्हणजे डायरेक्ट थ्रीडी. पडद्यावर त्रिमिती चित्र उभं करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेली ही सोय 'डायरेक्टएक्स' या संचाचा भाग आहे, आणि तो संच १९९५पासून विंडोजसोबत आहे. पुढचा एक्स म्हणजे तिचं जोडसाहित्य: फोटो उघडून भिंतीवर चिकटवणं, कोनांचं गणित करणं, असली हाताखालची कामं. ९ म्हणजे डायरेक्टएक्सची नववी पिढी. आणि ३० हा त्या जोडसाहित्याच्या आवृत्तीचा क्रमांक. २००५ ते २०१० या काळात मायक्रोसॉफ्ट दर दोन-चार महिन्यांनी नवी आवृत्ती काढत असे. २४पासून ४३पर्यंत असे वीस क्रमांक झाले. आमचा ३० क्रमांक एप्रिल २००६चा.

गोम अशी की हे जोडसाहित्य विंडोजचा भाग कधीच नव्हतं. जो प्रोग्रॅम लिहील त्याने ते आपल्या सीडीत सोबत द्यावं, अशी मायक्रोसॉफ्टची अपेक्षा होती. म्हणूनच "माझ्याकडे डायरेक्टएक्स १२ आहे, मग ९ची फाइल कशी काय नाही?" हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. १२ आल्यामुळे ९ गेलेलं नाही. डायरेक्ट थ्रीडी ९चा मुख्य भाग विंडोज ११मध्येही आहे. नाही ते फक्त जोडसाहित्य.

मग २००६ साली सगळ्या नातेवाइकांच्या घरी वाडा कसा चालला? मुलांनी आधीच गेम टाकून ठेवले होते म्हणून. त्या गेमांच्या सीड्यांनी ते पातेलं आणून ठेवलेलं होतं आणि आमचा प्रोग्रॅम न विचारता तेच वापरत होता. आम्ही दोघांनी ते सीडीत घालायला हवं होतं. आमच्या संगणकांवर चाललं, एवढ्यावर आम्ही खूश झालो. म्हणजे फाइल लॅपटॉपमधून हरवलीच नव्हती. ती आम्ही मुळात दिलीच नव्हती. 'पुन्हा इन्स्टॉल करा' हा सल्लाही त्यामुळेच इथे निरुपयोगी ठरतो. ज्या सीडीत ती वस्तूच नाही, तिच्यातून ती दहा वेळा कशी येणार?

भाच्याने केलेले तीन प्रयोग

पहिला प्रयोग: फाइलीचं नाव इंटरनेटवर शोधलं. एकट्या डीएलएल फुकट देतो म्हणणारं पान वरच मिळालं. त्याने फाइल उतरवली. तिच्याबरोबर एक 'दुरुस्ती करणारा' प्रोग्रॅमही उतरला, त्याने लॅपटॉपमध्ये चारशे दोष आहेत असं सांगितलं आणि दोष काढायचे पैसे मागितले. ताईने ते वेळीच पाहिलं. पैसे गेले नाहीत, पण तो पाहुणा घालवायला मला एक संध्याकाळ लागली.

डीएलएल ही नुसती माहिती नसते, तो चालणारा कोड असतो. प्रोग्रॅम तिला बोलावतो तेव्हा प्रोग्रॅमला जे जे करता येतं ते सगळं तिलाही करता येतं. अनोळखी माणसाने दिलेलं पातेलं आपण निदान घासून घेतो. अनोळखी डीएलएल घासून घ्यायची सोय नाही. म्हणून सुटी डीएलएल कुठूनही घ्यायची नाही. ज्याने बनवली त्याच्याकडून, पूर्ण संचासह घ्यायची.

दुसरा प्रयोग: ती फाइल त्याने विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकली. तरी तोच संदेश. याचं कारण मजेशीर आहे. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिट फाइली राहतात आणि ३२ बिट फाइली सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये. नावं अगदी उलटी वाटतात. पण सिस्टम३२ हे नाव जुन्या प्रोग्रॅमांच्या अंगवळणी पडलेलं होतं, म्हणून ते बदललं नाही. आमचा वाडा ३२ बिट. तो सिस्टम३२ मागतो तेव्हा विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४चा दरवाजा दाखवते, आणि तिथे काहीच नव्हतं.

तिसरा प्रयोग: मग त्याने ती फाइल वाड्याच्या फोल्डरमध्येच ठेवली. विंडोज बहुतेक वेळा आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधते, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. आता संदेश बदलला: ०एक्ससी०००००७बी. हा आकडा दिसला की बहुधा ३२ आणि ६४ची गल्लत झालेली असते. त्याने उतरवलेली फाइल ६४ बिट निघाली.

मग त्याने मला विचारलं, "४३ क्रमांकाची फाइल घेऊन तिला ३० नाव दिलं तर?" असं करून कधी कधी चालतंही. पण प्रत्येक आवृत्तीत थोडेफार बदल आहेत. प्रोग्रॅम सुरू होईल आणि मधेच कोसळेल, किंवा भिंती काळ्या दिसतील, आणि मग दोष नक्की कुठे आहे ते शोधणं दुप्पट अवघड होईल. मी नको म्हटलं.

खरा उपाय

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. आधी लॅपटॉप स्वच्छ केला आणि भाच्याने इकडेतिकडे ठेवलेल्या फाइली काढून टाकल्या. मग सीडीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, बनवून घेतली. हे काम दुरुस्तीच्या आधी करायचं. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर काळाने खराब होतो, आणि ड्राइव्हमध्ये ती प्रत्येक वेळी नीट वाचली जाईलच असं नाही. आमच्या सीडीवर ओरखडे होते, एका जागी ड्राइव्ह बराच वेळ घरघरत राहिला. आजी बाजूला बसून विचारत होती, "मोडलं का रे?" ते चार-पाच मिनिटं माझ्याही पोटात गोळा आला होता. शेवटी पूर्ण वाचली गेली. आयएसओ फाइलवर डबलक्लिक केलं की विंडोज तिला सीडीसारखीच उघडते, त्यामुळे मूळ सीडीला पुन्हा हात लावावा लागला नाही.

यानंतर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून 'डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स, जून २०१०' हा संच उतरवला. सुमारे ९५ एमबीचा आहे. डायरेक्टएक्स ९च्या जोडसाहित्याचे २४ ते ४३ हे सगळे क्रमांक या एकाच संचात आहेत, ३२ आणि ६४ बिट दोन्ही. त्याच काळातल्या आवाजाच्या आणि गेमपॅडच्या काही फाइलीही त्यात येतात.

इथे एक ठेच हमखास लागते. ती फाइल चालवली की 'कुठे उलगडू?' असं विचारते. तिथे नवं, रिकामं फोल्डर द्या. डेस्कटॉप दिलात तर शंभरावर फाइलींचा सडा पडेल. फाइली उलगडल्या की काम झालं असं समजून पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणतात. उलगडणं म्हणजे फक्त पोतं सोडणं. आता त्या फोल्डरमधली डीएक्ससेटअप नावाची फाइल शोधायची आणि ती चालवायची. ती परवानगी मागते, अटी दाखवते आणि प्रत्येक फाइल ज्या त्या फोल्डरमध्ये नीट नेऊन ठेवते. सिस्टम३२ की सिसवॉव६४ हा प्रश्नच उरत नाही. लॅपटॉपवरच्या डायरेक्टएक्स १२ला ती धक्का लावत नाही.

उतरवलेली फाइल खरी आहे का अशी शंका आली, तर तिच्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि डिजिटल सिग्नेचर्स हा भाग पाहा. तिथे मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची सही असली पाहिजे.

मी वाड्याच्या चिन्हावर क्लिक केलं. पडदा काळा झाला, आणि मग दिंडी दरवाजा दिसला.

आजी उडाली

आजीला टीव्हीसमोर बसवलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला. भाच्याने वरचा बाण दाबला मात्र, आणि आजी दरवाजातून निघाली ती चौक, ओसरी, माजघर ओलांडून निमिषात मागच्या अंगणाच्या भिंतीवर जाऊन आदळली. "अगं बाई!" म्हणून तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

चूक पुन्हा आमचीच. पडद्यावर प्रत्येक नवं चित्र आलं की एक पाऊल पुढे, असा हिशोब आम्ही लिहिला होता. तेव्हाचा संगणक सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं काढायचा, म्हणून चाल माणसासारखी वाटायची. आजचा लॅपटॉप सेकंदाला कित्येक शे चित्रं काढतो. पाऊल घड्याळाला बांधायचं असतं हे आम्हाला पुढच्या वर्षी शिकवलं. कोड हाताशी असता तर दोन ओळींचं काम होतं. तो नसल्यामुळे बाहेरून लगाम घातला: ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये या एका प्रोग्रॅमपुरती चित्रांची कमाल गती ३० करून ठेवली. तुमचा जुना गेम वेड्यासारखा पळत असेल तर हेच करून बघा.

दुसऱ्या वेळी आजी चालत गेली. माजघरात भाच्याने बाण सोडला आणि तिथेच उभा राहिला. खिडकीशेजारच्या भिंतीवर आजी पेन्सिलने दुधाचा आणि गॅसचा हिशोब लिहायची. फोटो धूसर आहे, पण 'गॅस लावला' आणि पुढची तारीख वाचता येते. आजीने चष्मा पुसला आणि ती भिंत वाचू लागली. "हा तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वेळचा. दोन सिलिंडर लागले होते."

तुमचा प्रोग्रॅम दुसरंच काही मागत असेल तर

सगळ्या जुन्या प्रोग्रॅमांचं दुखणं एकच नसतं. संदेशातलं नाव नीट वाचलं की औषध कोणतं ते कळतं.

– डी३डीएक्स९ने सुरू होणारं आणि २४ ते ४३पैकी क्रमांक असलेलं कोणतंही नाव: वरचाच उपाय. २००५ ते २०१०मधल्या गेमच्या सीडीतही बहुधा डायरेक्टएक्स नावाचं फोल्डर असतं, आधी तिथे पाहा.

– एमएसव्हीसीआर किंवा व्हीसीरनटाइमने सुरू होणारं नाव: हे चित्राचं नाही, सी प्लस प्लसचं साहित्य आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल हा संच घ्यावा लागतो. प्रोग्रॅम ३२ बिट असेल तर एक्स८६ लिहिलेला घ्या, तुमचं विंडोज ६४ बिट असलं तरी.

– ग्लाइड२एक्स: हे थ्रीडीएफएक्स कंपनीच्या कार्डांसाठी होतं. ती कार्डं आता बनत नाहीत. डीजीवूडू२ हा फुकट मिळणारा दुभाषा त्या भाषेचं आजच्या डायरेक्टएक्समध्ये भाषांतर करतो. तो त्याच्या कर्त्याच्या पानावरूनच घ्या आणि त्याच्या फाइली फक्त त्या गेमच्या फोल्डरमध्ये ठेवा, विंडोजच्या फोल्डरमध्ये नाही.

– डायरेक्टप्ले हवं असं विंडोज म्हणत असेल तर काही उतरवायची गरज नाही. कंट्रोल पॅनेलमधून विंडोजच्या सोयी चालू-बंद करायची यादी उघडा, लेगसी कंपोनंट्समध्ये डायरेक्टप्लेवर खूण करा.

– प्रोग्रॅम १६ बिट असेल, म्हणजे विंडोज ३.१च्या काळातला, तर ६४ बिट विंडोजवर तो चालणारच नाही. कोणतीही डीएलएल त्याला उपयोगी नाही. त्याला आभासी संगणकात जुनं विंडोज लागेल. डॉसचा असेल तर डॉसबॉक्स पुरेसं आहे.

सीडीसोबत काय ठेवाल

त्या रात्री मी एक फोल्डर केलं. त्यात सीडीची आयएसओ फाइल, जून २०१०चा तो संच आणि काय क्रमाने करायचं ते मराठीत लिहिलेली साधी मजकूर फाइल ठेवली. एक प्रत ताईकडे, एक माझ्याकडे, एक आतेभावाकडे पाठवली. हा संचही कधी ना कधी मिळेनासा होईल, तेव्हा तो प्रोग्रॅमसोबतच ठेवलेला बरा.

आणखी एक गोष्ट भाच्याने सुचवली. "मामा, चालताना रेकॉर्ड करू या ना, व्हिडिओ तर कशावरही चालतो." म्हणून दुसऱ्या दिवशी वाडा पुन्हा उघडला, पडद्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आजीसमोर माइक ठेवला. भाचा चालवत होता, आजी बोलत होती. सत्तावीस मिनिटं झाली. देवघरातल्या कोनाड्यात काय असायचं, माळ्यावर कुणी पाय मोडून घेतला, कुठल्या दारातून मांजर यायची, हे आम्ही प्रोग्रॅममध्ये कुठे लिहिलं होतं?

ओसरीवर आल्यावर मात्र ती थांबली. "झोपाळा उलट्या बाजूला लावलाय रे तुम्ही. तो देवघराकडच्या अंगाला होता."

मी आतेभावाला फोन लावून दिला. तिने त्यालाही तेच ऐकवलं. तो हसला आणि म्हणाला, "आजी, कोड गेला गं, आता नाही बदलता येणार." आजी म्हणाली, "मग तसं लिहून ठेवा."

मजकूर फाइलीत शेवटची ओळ तीच आहे.